कचकड्याच्या मुठीचा चाकू

चाकू कसा आहे हे विकणाऱ्याला विचारू नये, मालकाला विचारावं. पण आमच्या गावची रीत अशी, की ज्यानं एखादी वस्तू दिवसभर उसनी नेली, तो मत देण्यापुरता तिचा मालक होई. त्यामुळे आकाराम लढाईवरून जो घडीचा चाकू घेऊन आला, त्याला गावभर मालक झाले.

चाकू दिसायला काहीच नव्हता. घडी घातली की बोटाएवढा. पातं एकच, आणि मूठ कचकड्याची. कचकडा म्हणजे जत्रेत बाहुल्या मिळतात ना, तो. रंग मात्र बाहुलीसारखा गुलाबी नव्हता. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या कातडीचा होता. इटलीतल्या कुठल्याशा गावात एका म्हातारीला दुधाचा डबा देऊन आकारामानं तो घेतला होता. म्हणजे फुकटच म्हणायचा, कारण दूध सरकारचं होतं.

हलका म्हणाल तर मी स्वतः तो वडाच्या पानावर ठेवून कृष्णेत सोडला होता. पान बुडालं नाही. डोहापर्यंत गेलं, वळसा घेतला आणि परत आलं. आकाराम काठावर उभा होता, त्याच्या पायाशी लागलं. ज्यांना हे खरं वाटत नाही त्यांनी नदीला विचारावं, ती अजून तिथंच आहे.

धनगराचा बिराप्पा एक दिवस तो घेऊन गेला आणि मेंढीचे वाढलेले खूर कापून आला. त्याचं मत पडलं, की हत्यार फार सभ्य आहे. चारी खूर झाले तरी मेंढीनं रवंथ थांबवला नाही. आकारामाची आई मनुबाई, हिचं मत सहजासहजी मिळत नसे. तिनं त्या चाकूनं वांगी चिरली आणि एवढंच म्हणाली, की फोडी काळ्या पडायच्या विसरल्या. आपण चिरलो गेलोय हे त्यांना कळलंच नसावं.

चाकू वापरायला मनुबाईची हरकत नव्हती, पण तो हातातून हातात देऊ देत नसे. सुरी हातात दिली की देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण लागतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. म्हणून देणारा ती भुईवर ठेवतो, घेणारा भुईवरून उचलतो. लढाई करून आलेला आकाराम आईसमोर वाकून चाकू भुईवर ठेवायचा. मीही ठेवायचो. मनुबाईशी भांडण परवडणारं नव्हतं.

आता आकारामाच्या हाताकडे येऊ, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

लढाईला जाताना त्याची दहा बोटं होती. परत आला तेव्हा उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. मी लोकांना सांगे, की जर्मनाच्या तोफेचं तोंड त्यानं बोटानं बुजवलं आणि गोळा निघाला तेव्हा बोट घेऊन गेला. खरं तर लॉरीचं मागचं फळकूट त्या बोटावर पडलं होतं. पण फळकुटासाठी कुणी चहा पाजत नाही.

बोट एखाद्या नांगरगड्याचं गेलं असतं तर चाललं असतं. आकारामाचं मात्र पोट त्यावर होतं. लढाईआधी तो सांगलीत, गुरुपादाप्पांच्या अडतीवर हत्त्याला बसत असे. ज्यांनी सांगलीचा हळदीचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं बोली तोंडानं होत नाही. अडतीचा माणूस उजवा हात पुढं करतो, त्यावर उपरणं टाकतात. एकेक व्यापारी येतो, उपरण्याखाली हात घालतो आणि आपल्या मनातला भाव त्या हाताची बोटं दाबून सांगतो. दोन बोटं धरली तर दोन, चार धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. पाचाच्या पुढचा भाव पंजा धरल्याशिवाय सुरूच होत नाही. कुणी काय दिलं ते दोन हातांनाच ठाऊक. आणि उपरण्याखाली जे घडलं ते उपरण्याबाहेर बोलायचं नाही, हा त्या बाजाराचा कायदा. तो मोडणाऱ्याच्या हातावर पुन्हा कुणी उपरणं टाकत नाही.

आता ज्या हाताला चारच बोटं, त्याला पंजा द्यायचा कसा? चाराच्या वर भाव चढणार नाही, आणि शेतकरी आपली हळद अशा हातापुढं कशाला ओतेल? डावा हात पुढं करावा तर डाव्या हातानं कुणी सौदा करीत नाही. आकाराम सांगलीला गेला तेव्हा गुरुपादाप्पांनी त्याला जेवू घातलं, त्याच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की शिमगा झाल्यावर हळद यायला लागेल, त्या दिवशी एकदा बसून बघा. उपरण्याखाली पंजा घेता आला तर जागा तुमची. कसा घेतला ते मी विचारणार नाही, ते माझं बघायचं नव्हे. पण एका जरी व्यापाऱ्यानं तक्रार केली तर गावाकडं जाऊन कुदळ धरा.

आकारामाला कुदळीची लाज नव्हती. पण हत्त्याला बसलेला आकाराम मी पाहिला होता. उपरण्याखालून बाजाराची नाडी बघणारा माणूस होता तो. परत आल्यापासून गावातल्या पारावर तो उजवा हात बगलेत घालून बसे, जणू हाताला थंडी वाजतेय.

आधी आम्ही याकूबचाचांकडे गेलो. याकूब शिकलगार म्हणजे आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या विळ्या-सुऱ्यांचे वैद्य. धार लावायचं चाक फिरवता फिरवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाभळीचं एक सुंदर बोट कोरून दिलं. नखसुद्धा कोरलं होतं. आकारामानं ते पट्टीनं बांधलं, मी माझा टॉवेल हातावर टाकून व्यापारी झालो. पंजा धरला आणि विचारलं, किती दिले? तो म्हणाला, चार. मी पुन्हा नुसतं लाकडी बोट दाबलं. त्याला काहीच कळलं नाही. लाकूड ते लाकूड, आपल्याच वजनात बसून राहिलेलं. बाहेर ते लपवताही येत नव्हतं, बंदुकीसारखं रोखून राही. आम्ही ते चुलीत घातलं.

मग एका संध्याकाळी आम्ही दोघं घाटावर बसलो होतो. आकारामाचं गेलेलं बोट खाजत होतं. हे मी माझं रचलेलं सांगत नाही. हातपाय गेलेल्या कुठल्याही शिपायाला विचारा, गेलेला अवयव खाजतो, आणि जिथं खाजवायचं तिथं नुसती हवा असते. दोन वर्षं आकाराम ती खाज सोसत होता. चाळा म्हणून त्यानं चाकू उघडला आणि पात्याची पाठ तळव्यावर धरून कचकड्याची मूठ गेलेल्या बोटाच्या जागी उभी केली. मी चेष्टेनं त्या मुठीवर नखानं खाजवलं.

आकारामानं डोळे मिटले.

"हां," तो म्हणाला. "तितंच. वाईच खाली."

मी खाली खाजवलं. त्याच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं, की मला हात मागे घेववेना. दोन वर्षांची खाज त्या दिवशी त्या घाटावर निघाली.

आम्ही उठून तसेच याकूबचाचांकडे गेलो. त्यांनी चाकू बोटाच्या टोकावर तोलून धरला. चाक थांबवलं. त्यांचं चाक थांबलेलं मी तोवर फक्त अजानच्या वेळी पाहिलं होतं.

"जड हत्यार सोताचंच ऐकतं, गड्या," ते म्हणाले. "हलकं हत्यार दुसऱ्याचं ऐकतं. ह्ये तर कानच हाय. मी जल्मभर लोखंड घासलं, पर आसलं न्हाई बघितलं."

त्यांनी जुन्या चपलेच्या मऊ चामड्याचा एक पट्टा शिवला. तळव्यावर बसायचा, हाताच्याच रंगाचा. पातं त्यात शिरायचं, धार चामड्यात झाकायची, आणि मूठ गेलेल्या बोटाच्या जागी उभी राहायची. नको तेव्हा मूठ वाकवून तळव्यात घेतली की हातात काही आहे हे बघणाराला कळायचं नाही. डाव्या हातानं उपरणं सारखं केल्यासारखं करायचं आणि आतल्या आत बोट उभं करायचं. लोखंडाची मूठ असती तर गार लागली असती. कचकडा अंगाच्या उबेनं लगेच उबदार होतो.

मग आमचा सराव सुरू झाला. मी टॉवेलाखाली पंजा धरला की तो म्हणे, पाच. नुसती मूठ धरली की म्हणे, पाचवं. पुढं पुढं तर मी शेंगा खाऊन आलोय हेसुद्धा त्याला त्या मुठीतून कळायला लागलं. आणि एक सांगतो, रागावू नका: मनुबाई घरात त्या चाकूनं कांदा चिरी, तेव्हा घाटावर बसलेल्या आकारामाच्या डोळ्यांतून पाणी येई.

मनुबाईला आमचा बेत कळला तेव्हा ती चुलीपुढून उठली. चाकू चांगला आहे हे तिला मान्य होतं. हलका आहे हे मान्य होतं. पण ती लेकाला म्हणाली, "आरं, सुरी एका मानसाच्या हातात दिऊ नये, आन् तू भरल्या बाजाराच्या हातात द्याया निगालास व्हय? आधीच कसलं दिस हायत."

दिवस तसलेच होते. सत्तेचाळीस साल. लांबच्या शहरांतून सुऱ्यांच्याच बातम्या येत, आणि चावडीवर पेपर वाचून दाखवणारा त्या ओळी आल्या की आवाज खाली करी. हळदीच्या बाजारात आमच्यासारखे कुणबी, लिंगायत, गुजर, मुसलमान, सगळेच. आकारामानं वाकून आईचे पाय धरले. आईनं पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

आमचं गाव इंग्रजाच्या सातारा जिल्ह्यात आणि बाजार सांगली संस्थानात. माझ्याच गाडीतून आम्ही राज्य ओलांडलं. वाटेत आकाराम सारखा खिसा चाचपत होता. त्या चाकूची हीच एक खोड. खिशात असला तरी नसल्यासारखा वाटे.

अडतीपुढं हळदीचे ढीग ओतले होते. सूर्य खाली उतरून बसलाय असं वाटावं. गुरुपादाप्पा गादीवर, आणि आकाराम ढिगाशेजारी पोत्यावर. व्यापारी जमले तसा नाथाजी पुढं झाला. हा तासगावचा तरुण खरीददार, फार तोंडाळ. दिवसातून एक भांडण केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. त्यानं आकारामाचा हात सगळ्यांच्या देखत वर उचलला. चाकूची मूठ तळव्यात मिटलेली होती, त्यामुळे दिसली ती चारच बोटं. त्यानं विचारलं, की आप्पा, आता चार बोटांत सांगलीची हळद विकणार का? पंजा द्यायचा झाला तर बाकीचं बोट घरून आणायचं का?

लोक हसले. गुरुपादाप्पा शांतपणे म्हणाले, "दिऊन तर बघा."

उपरणं पडलं. आकारामानं डाव्या हातानं त्याची कड नीट केली. नाथाजीनं हसत हसत आत हात घातला.

मी ढिगाच्या पलीकडे उभा होतो. नाथाजीचं हसू ओठांवर आलं होतं ते तिथंच राहिलं, आतलं मात्र निघून गेलं. त्यानं आत एकदा मोजलं असावं, मग पुन्हा. मग आकारामाकडे पाहिलं, मग स्वतःच्या दुसऱ्या हाताची बोटं पाहिली. आत्ता सगळ्या बाजारासमोर त्यानं ज्याची चार बोटं दाखवली होती, त्याचा अख्खा पंजा, पाच बोटांचा, उबदार, त्याच्या मुठीत होता. आणि बोलायची सोय नव्हती. उपरण्याखालचं बोलला असता तर पुन्हा या बाजारात त्याला कुणी हात दिला नसता. त्यानं भाव दिला, हात बाहेर काढला आणि सरळ पाण्याच्या रांजणाकडे गेला.

दुसरा व्यापारी हसत पुढं आला आणि न हसता परत गेला. तिसऱ्यानं परत जाताना नकळत हात जोडले. एक गुजर शेठ हात बाहेर काढून बराच वेळ आपली टोपी हातात धरून उभे राहिले. जो जाऊन येई तो इतरांकडे बघे, आणि त्यांच्या डोळ्यांत तेच दिसलं की खाली बघे. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणालाच बोलता येईना. एरवी त्या बाजारात शेजारच्याचं ऐकायला कानाला हात लावावा लागे. त्या दिवशी हळदीच्या ढिगावरून एक कांडी घरंगळली, तिचा आवाज मी ऐकला.

शेवटी हाफिजशेठ उठले. सगळ्यांत जुने खरीददार. हरिपूरची निम्मी पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, त्यांच्या मालानं भरत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण बोटं अशी, की हळकुंड हातात घेतलं की ते कुठल्या विहिरीच्या पाण्यावर वाढलं ते सांगत. आकारामाच्या कपाळावर घाम आला तो तेव्हा. बाकीच्यांनी बोट मोजलं होतं. हा माणूस बोट वाचणार होता.

हाफिजशेठनी हात आत घातला. त्यांची मान एका बाजूला झुकली. उपरणं जरा हललं, थांबलं, पुन्हा हललं. करंगळीपासून ते एकेक बोट धरत आले असावेत. अंगठ्याशेजारच्याला आले आणि थांबले. मग, आकारामानं मला नंतर सांगितलं, त्यांनी ते बोट अगदी हळू, पाखराचा पंख उलगडून बघावा तसं वाकवलं.

आणि उपरण्याखालून आवाज आला: टक्.

घडीच्या चाकूच्या कमानीचा आवाज. एरवी कुणाच्या लक्षात आला नसता. पण बाजार इतका चिडीचूप होता, की तो गुरुपादाप्पांच्या गादीपर्यंत गेला. रांजणापाशी उभ्या नाथाजीनं मान वर केली.

"काय वाजलं?" तो म्हणाला. "आप्पा, उपरण्यात काय वाजलं?"

आकारामाचा चेहरा हळदीसारखा झाला. एकच तक्रार, आणि कुदळ. मला मनुबाईची आठवण आली.

हाफिजशेठनी हात बाहेर काढला नाही. पांढुरक्या डोळ्यांनी ते आवाजाच्या दिशेला वळले.

"माझी हाडं वाजली, बाबा," ते म्हणाले. "तुझ्या वयाला पैंजण वाजतात, माझ्या वयाला बोटं."

सगळा बाजार हसला, नाथाजीसुद्धा. आणि ते हसू चालू असताना, आकाराम सांगतो, त्या म्हाताऱ्यानं आत वाकलेलं बोट पुन्हा सरळ उभं केलं, त्याच्या मुळाशी अंगठा ठेवून क्षणभर तसंच धरलं, आणि मग पाचही बोटं घट्ट मुठीत घेतली. पंजा दिला, आणि पंज्यावर आणखी दिला. त्या दिवसातला सगळ्यात वरचा भाव. आकारामाच्या मनगटापर्यंत तो पोचला. लाकडी बोटाला तो कळलाच नसता.

गुरुपादाप्पांनी सौदा पुकारला. ढीग उठले. आकारामाजवळून जाताना आप्पा एवढंच म्हणाले, की उद्या वेळेवर या.

ऊन कललं तशी हाफिजशेठनी रिकाम्या पोत्यावर बसून चहा मागवला आणि आम्हा दोघांना बोलावलं. आता उपरणं नव्हतं, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"दाखव," ते म्हणाले.

आकारामानं पट्ट्यातून चाकू काढला, घडी घातली आणि वाकून त्यांच्यापुढं भुईवर ठेवला. म्हाताऱ्यानं तो उचलला नाही.

"खाली का ठिवलास?"

"आई म्हनती, शेठ. सुरी हातात दिली की भांडान लागतं."

हाफिजशेठ हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, चहा सांडला, तरी ते हसत होते.

"अरे, सकाळपासनं तू आख्ख्या सांगलीच्या हातात देतोयस," ते म्हणाले. "झालं का भांडण?"

खरंच, सकाळपासून त्या बाजारात एक शब्द चढला नव्हता. नाथाजी बिनभांडणाचा जेवून आला होता. माझ्या आयुष्यात सांगलीच्या बाजारात असा दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

म्हाताऱ्यानं तळवा पुढं केला. आकारामानं चाकू भुईवरून उचलला, जरा थांबला, आणि त्या तळव्यावर ठेवला. हाफिजशेठ बराच वेळ तो तोलत राहिले. हलका आहे, म्हणाले. मग म्हणाले, की मी राजे-रजवाड्यांची अंगठ्या घातलेली बोटं धरलीत, खोटं बोलताना घामेजणारी बोटं धरलीत, पण ज्याला मालकानं इतकं आपलंसं केलंय असं बोट पहिल्यांदाच धरलं. आणि बोलता बोलता, नुसत्या सवयीनं, त्यांनी अंगठ्याच्या नखानं कचकड्याची मूठ खाजवली.

समोर हातभर अंतरावर बसलेल्या आकारामानं डोळे मिटले.

"हां," तो म्हणाला. "तितंच."

हाफिजशेठचं नख थांबलं. त्यांनी चाकू दोन्ही हातांत धरून कपाळापाशी नेला आणि आकारामाच्या हातात परत दिला. हातातून हातात.

गावी आलो तेव्हा मनुबाई वांगी घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. थोडी हळद माझी लागली असेल, पण थोडीच. ती ऐकत राहिली, मत काही दिलं नाही. मग तिनं लेकाकडे चाकू मागितला. आकारामानं सवयीनं वाकून तो भुईवर ठेवायला घेतला.

म्हातारीनं हात पुढं केला होता.